वरणगावच्या लूपवर

पोरीनं मोबाइलात पाहून सांगितलं,
जळगाव ते हैदराबाद, हवेतून
पाचशे नि वर थोडे किलोमीटर,
वेळ एक तास पंचवीस मिनिटं.

म्हटलं, एवढंच?
वरणगावच्या लूपवर मी
कोळशाच्या पंचावन्न वाघिणी घेऊन
याहून जास्त थांबलोय.
पुढची मेल जाऊ दे, मग तिच्या मागची,
मग अजून एक,
ब्रेकव्हॅनच्या पायरीवर बसून
भाकर खाऊन, हात धुऊन झाले
तरी सिग्नल आपला लालच.

चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड.
वहीत रकाने: सुटली, पोहोचली, उशीर, कारण.
कारणाशिवाय उशीर लिहिता येत नसे.

शेवंता सहा महिने झाले तिकडे,
नात झाली तेव्हापासून.
'येतो' म्हणालो होतो मागाहून.
मग पेन्शनचं काम निघालं, मग नळाचं,
मग काहीच निघालं नाही
आणि तरीही मी भुसावळातच,
दोन खोल्या, एक कुकर.

पहाटे चारला उठलो.
भाच्यानं आणलेली बामणोदची वांगी,
हिरवी, कोपरापासून मनगटाएवढी.
अंगणात काट्यांचा जाळ केला,
बडजीत ठेचलं, लसूण, मिरची, कांद्याची पात.
धूर शेजारी डिमेलो ड्रायव्हरच्या खिडकीत गेला
तसा तो बनियनवर बाहेर आला.
"गार्डसाहेब, विमानाच्या शेपटीला गार्ड नसतो, ठाऊक आहे ना?"
मी म्हटलं, मग गाडी पूर्ण आली
हे सांगतं कोण?

भुसावळ ते कुसुंब्याचं विमानतळ:
रिक्षा, एसटी, परत रिक्षा.
नशिराबादजवळ ट्रक आडवा पडलेला,
रस्ताभर घड, लोक त्यातूनही निवडून घेणारे.
पोहोचलो एक तास पन्नास मिनिटांनी.
मनात लिहिलं: उशीर, पस्तीस. कारण, केळी.

तपासणीच्या पोरानं डबा उघडायला लावला.
"ये क्या है?"
"बैंगन."
त्याचा विश्वास बसेना. रांगेतली बाई म्हणाली,
"भरीत आहे हो, जाऊ द्या त्यांना, वासानं जीव चाललाय."

पंख्यांचं विमान. खिडकीची जागा.
खाली पिवळ्या जाकिटातल्या माणसानं
अंगठा वर केला,
आणि माझा हात आपोआप वर गेला,
झेंड्याशिवाय.

केळीचे हिरवे चौकोन तिरपे झाले,
वाघूरचं पाणी चमकलं एकदा,
अजिंठ्याचा डोंगर पालथ्या टोपलीसारखा,
मग नुसतं पांढरं.
कुठं पाटी नाही, केबिन नाही,
दिवा हलवणारा पॉइंट्समन नाही.
गणवेशातल्या मुलीला विचारलं,
"बाई, आता कोणतं गेलं?"
ती म्हणाली, "पाणी देऊ का?"

चौतीस वर्षांत शेवंता
एकदाही स्टेशनावर आली नव्हती.
मालगाडीला घ्यायला कोण येतं?
यार्डात उतरायचं, रूळ ओलांडायचे,
रात्रीचे तीन असोत की पाच,
दार लोटलेलं असायचं,
कडी न लावलेलं.
कशी झोपत असेल, हे मी
विचारलं नाही. तसा रकाना नव्हता.

हैदराबादला काचेपलीकडे ती उभी,
नव्या चपलांत अवघडलेली,
घड्याळाकडे नाही, दाराकडे बघत.
मी बाहेर आलो. तिनं आधी डबा घेतला,
तिथंच, सगळ्या गाड्यांच्या भोंग्यांत
झाकण काढून बोट लावलं.
"काट्या कमी पडल्या."
मग, माझ्याकडे न बघता,
"उशीर काहून झाला?"

"कुठं झाला? पाच मिनिटं आधीच उतरलं."
"मी इमानाचं नै इचारून राह्यले."

डब्याचं झाकण नीट बसेना.
एका बाजूनं तिनं दाबलं,
दुसऱ्या बाजूनं मी.